आधी साचा

…नाही, आता बोलू नका. म्हणजे आता बोलता यायचंच नाही म्हणा, ओठांवर दुसरी पट्टी बसली. ऐका, नियम साधे आहेत — एक बोट वर म्हणजे 'ठीक', दोन बोटं म्हणजे 'नाही', आणि पाचही वर म्हणजे 'काढा हे आधी'. पाच बोटं आजवर एकाच माणसाने दाखवली, आणि तोही नंतर म्हणाला, कानावर माशी बसली होती, ती हाकलत होतो. नाकपुड्या मोकळ्या ठेवल्यात. येतोय ना श्वास? एक बोट. छान! डोळे मिटलेलेच असू द्या, आणि मी काहीही बोललो तरी हसू नका. हसलात की गालावरची पट्टी सुटते आणि मग मुखवटा असा येतो की माणूस गुदगुल्या होऊन गेला असावा. वीस मिनिटं फक्त. हाड मोडल्यावर डॉक्टर लावतात त्याच या पट्ट्या, प्लास्टरच्या. फरक एवढाच की डॉक्टर हाड जोडून देतो आणि मी काहीच जोडत नाही.

मिशीची काळजी करू नका. मिशीला व्हॅसलीन फासलंय, भुवयांनाही फासलंय, दोनदा फासलंय — कारण एकदा विसरलो होतो. एक बँक मॅनेजर होते, अगदी असेच बसले होते याच खुर्चीत, मी बोलायच्या नादात डावी भुवई कोरडी ठेवली, आणि साचा निघाला तो भुवई घेऊनच. पूर्ण! मुळासकट! साहेब, पुढचे तीन महिने त्या माणसाच्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य होतं. समोर बसलेल्याला वाटायचं, आपण काहीतरी अचाट बोलतोय. लोक त्यांच्याकडे जास्त बोलायला लागले, ब्रँच वाढली, त्यांना बढती मिळाली. भुवई उगवली तेव्हा त्यांनी मला फोन केला — पुन्हा काढता येईल का? …दोन बोटं कशाला? तुमची नाही काढत. आणि खोटंही नाही हे. बरं, बढतीचं थोडं खोटं आहे. भुवईचं खरं आहे.

तर आता तुमच्या गॅलरीच्या बाईंना काय सांगायचं? सांगायचं की कागद तयार आहे, शाई तेवढी वाळतेय. तुम्ही मघाशी दारात उभे राहून एका दमात म्हणालात — पाचच्या आत निवेदन हवं, कॅटलॉग छापायला जातोय, नाही मिळालं तर तुमचं पान गाळणार, आणि ज्याचं पान नाही त्याचं प्रदर्शन गॅलरीत लागत नाही, बाईंनी सांगितलंय कागद घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि मी काय म्हणालो? पाणी घ्या म्हणालो. मग म्हणालो, काय चेहरा आहे हो तुमचा! म्हटलं की माणूस बसतोच. तीस वर्षांत एकही जण 'छे, माझ्या चेहऱ्यात काय आहे' म्हणून उठून गेलेला नाही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असाल तुम्ही, गॅलरीचं दार सांभाळून केस पिकले, कागद न्यायला आलात आणि चेहरा देऊन बसलात. आता चार वाजून दहा मिनिटं झालीत. वीस मिनिटं तुम्ही हलू शकत नाही, म्हणजे वीस मिनिटं मला 'झालं का' असं कुणी विचारू शकत नाही. तेवढ्यात लिहितो. हा कागद, हे पेन. हात पुसले. लिहितोच आता.

बाईंनी सूचनापत्र दिलंय, मोठं चांगलं आहे. तुम्ही काय करता ते सांगा, कसं करता ते सांगा, का करता ते सांगा. 'मी' म्हणून लिहा. जड शब्द नकोत. दीडशे शब्दांत. मला वाटलं, एवढंच? 'काय' तर दोन ओळींत झालं — चेहऱ्याचे साचे घेतो. 'कसं' चार ओळींत झालं — व्हॅसलीन, पट्ट्या, पाणी, धीर. एरवी मी काय करतो ते तर तुम्ही मागच्या खोलीत बघितलंच, कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवतो, पन्नास-साठ बिनडोक्याची धडं उभी आहेत तिथे, शिस्तीत, एखादी मीटिंग भरल्यासारखी. ते पोटासाठी. आणि हे चेहरे, हे — हे कशासाठी? बस, इथेच गाडी अडली. 'का' या एका अक्षरावर अकरा दिवस अडली, अकरा कागद झाले. ते सगळे त्या प्लास्टरच्या बादलीत आहेत. थांबा, काढतो. एक-दोन ऐकवतोच. तुम्ही बोटांनी सांगा.

हा पहिला. 'लहानपणी नदीकाठच्या ओल्या मातीत तोंड खुपसून मी उठलो आणि मातीत माझा चेहरा पाहिला. त्या क्षणी माझ्यातला शिल्पकार जन्मला.' …दोन बोटं. लगेच? अहो, विचार तरी करायचा! बरं, खरं सांगतो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मला पाण्याची इतकी भीती होती की आई मला बादलीसुद्धा लांबून दाखवायची. हा दुसरा — 'माझे आजोबा नामवंत शिल्पकार होते. त्यांच्या खरबरीत बोटांनी मला दगडाची भाषा शिकवली.' आजोबा छत्र्या दुरुस्त करायचे. बोटं खरबरीत होती खरी, पण त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, की गिऱ्हाईक दुकानात असेपर्यंत बोलत राहायचं, म्हणजे ते छत्रीच्या काड्या मोजत नाही. आणि हा पाचवा, हा मी इतरांचे कॅटलॉग वाचून लिहिला — 'चेहरा हा अनुपस्थितीचा अवकाश आहे. माझं काम अस्तित्वाच्या पोकळीला मूर्त करत अमूर्ताच्या काठावर थबकतं.' काय सुंदर आहे ना? मी स्वतः तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा थबकलो. हा कागद मी मुलीला दाखवला. मुलगी माझी दातांची डॉक्टर आहे, दोन गल्ल्या सोडून दवाखाना आहे तिचा. ती म्हणाली, "बाबा, पोकळी भरायची असेल तर माझ्याकडे ये, उगाच लोकांना नको सांगत बसू."

जिभेला धार आहे हो पोरीच्या. आईवर गेलीय — नाही, आई इतकी नाही बोलत. आई… ते सांगतो पुढे.

गरम लागतंय का? लागणारच, प्लास्टर घट्ट होताना तापतं. चांगलं लक्षण आहे. एक जण तर त्या उबेत इतका गाढ झोपला की घोरायला लागला, आणि मी साचा काढला तर घोरणं साच्यात उतरलेलं! आजही तो मुखवटा बघणाऱ्याला जांभई येते. …हसू नका म्हटलं ना! गाल हलला. हलला, मी बघितला.

हं. तर प्रदर्शन कशाचं आहे ते तुम्ही बघितलंच, तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर आहेत ते, डोळे मिटायच्या आधी नजर गेली होती तुमची. बावीस चेहरे. सगळे एकाच बाईचे. माझ्या बायकोचे. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला एक. सुरुवात कशी झाली? कॅटलॉगात लिहायचं तर 'काळाचा प्रवास टिपण्याच्या ध्यासातून', आणि खरं म्हणाल तर मी भेटवस्तू आणायला विसरलो होतो. लग्नाचा सहावा वाढदिवस, घरात दुसरं काही नाही, पट्ट्यांचा खोका मात्र होता. म्हटलं, बस, तुझा चेहरा घेतो, तुझ्यासारखा चेहरा कुणाचा नाही. बसली. हसत बसली. मग दुसऱ्या वर्षी विसरलो नव्हतो, पण तेच बरं वाटलं. आणि मग तो आमचा रिवाजच झाला. लोक वाढदिवसाला बाहेर जेवायला जातात, आमची ही व्हॅसलीन लावून बसायची.

आणि दर वर्षी — हे बघा, हे कामातलं आहे, तुम्हालाही आता कळेलच — साचा सुटला की पहिली दोन मिनिटं फार नाजूक असतात. आतून ओला असतो, कडा बसायला लागतात, हनुवटी पसरते. लगेच उताणा करून वाळूच्या पेटीत बसवावा लागतो, नाकाची भोकं आतून बुजवावी लागतात, नाहीतर मेहनत मातीत. म्हणजे साचा हातात आला की माणसाकडे बघायचं नाही, आधी साचा. माझे गुरू नव्हते, पण असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. आणि ती नेमकी तेव्हाच, तोंड मोकळं झालं रे झालं की, "अहो, ऐका ना —" करायची. वीस मिनिटं गप्प बसलेली असायची ना! आणि मी म्हणायचो, "थांब, आधी साचा." पळायचो पेटीकडे. साचा बसवून, हात धुऊन वळायचो तोवर ती तोंड धुवायला गेलेली असायची. "काय म्हणत होतीस?" "काही नाही." मग मी विचारायचो, चहा टाकतेस का. बावीस वर्षं!

तुमच्या बाई मागच्या महिन्यात इथे आल्या होत्या तेव्हा काय झालं माहितीय? सगळे चेहरे बघितले. एक, दोन, तीन — एकेकापुढे उभ्या, हात मागे बांधून, मी मागे मागे, नवरदेवाच्या बापासारखा. बाविसाव्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे ओठ. पहिल्यात नुसते टेकलेत, आत्ता उघडतील असे. मग दर वर्षी थोडे जास्त मिटत गेलेत. हा शेवटचा तर दाबून धरलाय. फार विलक्षण आहे हे. हा तुमचा विचार काय होता?" साहेब, मी त्या ओठांकडे बघितलं. बावीस वर्षं माझ्या भिंतीवर आहेत, मी त्यांच्यावरची धूळ पुसलीय, खिळे बदललेत, माझ्या हातांनी ओतलेत ते, आणि मी — मी मान हलवली. अशी, जड. आणि म्हणालो, "हो. ते जाणूनबुजून आहे."

जाणूनबुजून! मी! ज्याला वाढदिवस लक्षात राहत नाही तो बावीस वर्षांचा विचार करून ओठ मिटवणार! पण बाईंचा चेहरा असा उजळला की मला थांबवेना. म्हणालो, हा मौनाचा आलेख आहे. म्हणालो, मी तिला दर वर्षी थोडं अधिक आत जायला सांगतो. आत जायला! मी तिला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली, हलू नकोस. बाई म्हणाल्या, "हेच लिहा, अगदी हेच स्टेटमेंटमध्ये यायला हवं." त्या गेल्यावर मी स्टूल घेतलं, वर चढलो, टॉर्च लावून एकेक ओठ बघितला. सातव्या वर्षापर्यंत खालचा ओठ सैल आहे. आठव्यापासून कोपरे आत ओढलेत. चौदाव्याला मधे एक रेघ पडलीय, ती मला प्लास्टरचा दोष वाटला होता, मी घासून काढायला निघालो होतो ती.

तुम्ही विचाराल, मग बायकोलाच का नाही विचारलं? ती बहिणीकडे गेलीय. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिचं करायला कुणी नाही, म्हणून. येईल आठ-पंधरा दिवसांत.

…काय? बोट नाही, काही नाही, हात नुसता आवळलात. कळतं हो, डोळे मिटून माणसाला जास्त ऐकू येतं. बरं — गुडघा ठणठणीत आहे. मेहुणी दोन जिने चढते, उतरते, परवा मुलीला बाजारात दिसली, दोन पिशव्या घेऊन. चार आठवडे झाले. यंदाचा तेविसावा साचा घेतला त्या दिवशी गेली. तिने तेच केलं, "अहो, ऐका ना," पण या वेळी माझी बाही धरली. आणि मी — साचा हातात, कडा बसतायत — मी बाही सोडवून घेतली. "अगं, दोन मिनिटं!" बरोबर दोनच मिनिटं लागली मला, साहेब, त्यात खोट नाही, मी कामाला पक्का आहे. भोकं बुजवली, वाळू सारखी केली, वळलो. तर ती दाराशी, बॅग भरलेली. बॅग आधीच भरलेली होती, म्हणजे बघा. कानाजवळ थोडं प्लास्टर तसंच राहिलेलं. मी म्हटलं, कानाजवळ राहिलंय बघ. तेवढंच सुचलं मला. कानाजवळ राहिलंय!

फोन करतो मी. चारदा केला. दर वेळी बारा-पंधरा मिनिटं बोललो — मीच. बँक मॅनेजरचं सांगितलं, ते तिने चाळीस वेळा ऐकलंय. शेवटी ती म्हणते, "ठेवते." मुलगी काय म्हणाली सांगू? मी तिच्यापुढे रडगाणं लावलं होतं की माझ्या कामात समोरच्याने बोलून चालत नाही, त्याला मी काय करू. तर म्हणाली, "बाबा, माझ्यापुढेही दिवसभर तोंड उघडून लोक बसतात, त्यांनाही बोलता येत नाही. पण मी दर दोन मिनिटांनी हात थांबवते आणि विचारते, दुखतंय का." एवढं बोलून हातमोजे चढवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी तिथेच खुर्चीत बसून होतो. पेशंटला मी उठेपर्यंत उभं राहावं लागलं.

तेविसावा साचा तिथे आहे बघा, कोपऱ्यात, वाळूच्या पेटीत. तुम्हाला दिसत नाहीये, हो. ओतला नाही अजून. ओतला की ओठ बघावे लागतील.

टक् टक्. आवाज ऐकलात? कोरडा आला. झालंच, पाच मिनिटं. चार पंचवीस. आणि मी लिहिलं का? नाही लिहिलं. बोललो. हे असंच होतं, साहेब, हेच होतं दर वेळी — थांबा. थांबा, थांबा. 'तुम्ही हे का करता?' अकरा दिवस मी नद्या आणि आजोबा शोधत होतो, आणि हे तर — बघा ना, या घरात, या गल्लीत, मी तोंड उघडलं की लोकांना कामं आठवतात. पोरगी घड्याळ बघते. शेजारचा शिंपी मला बघून शटर ओढतो. पण तोंडावर दोन पट्ट्या टाकल्या की वीस मिनिटं माणूस हलत नाही. तीस वर्षं मी लोकांचे चेहरे घेतो असं समजत होतो, आणि मी घेत होतो ते कान! छत्रीवाल्याचा नातू. गिऱ्हाईक खुर्चीत असेपर्यंत बोलत राहायचं.

लिहितो. आता बोलत नाही, लिहितो. …पेन कुठे गेलं. हां.

…

वाचतो. ऐका, लहान आहे. 'बावीस वर्षं मी दर वर्षी एकदा माझ्या बायकोचा चेहरा प्लास्टरमध्ये घेतला. ओठ मिटत गेले ते मी ठरवलेलं नाही. मला ते दिसलं नव्हतं, एका पाहुणीने दाखवलं. साचा निघाल्यावर दर वेळी ती मला काहीतरी सांगू बघायची, आणि मी साच्याकडे बघत असायचो. मी हे का करतो, तर समोरचा वीस मिनिटं मला काही म्हणू शकत नाही म्हणून. ती काय म्हणत होती ते मला माहीत नाही.' बस. दीडशे शब्द नाहीत. निम्मेही नाहीत. बाई म्हणतील, मौनाचा आलेख कुठे गेला? म्हणू देत. गाळायचं तर गाळतील पान. जड शब्द मात्र एक नाही, सूचनापत्राप्रमाणे. घडी करतो, तुमच्या वरच्या खिशात ठेवतो. हां.

काय वाटतं? ठीक? …एक नाही. दोन नाहीत. अहो, काहीतरी बोट दाखवा! बरं, राहू द्या, आधी काढू या हे. सांगतो तसं करा — गाल फुगवा. अजून. भुवया वर, खाली, वर. नाक आवळा, सुंठेचा वास आल्यासारखं. सुटतंय, कपाळाकडून सुटलंय, मान थोडी पुढे, मी धरलंय, येऊ द्या, येऊ द्या… आला! अख्खा आला! आणि ही बघा मिशी, जागच्या जागी. डोळे हळूच उघडा, उजेड लागेल. वा, काय साचा आलाय! हनुवटीची खळीसुद्धा — काय? काय म्हणताय? थांबा हं, आधी सा…

…

नाही. बसा. उठू नका, बसा. हा ठेवला मी इथे खाली. कडा बसतायत, बसू देत.

बोला. काय म्हणत होता तुम्ही?